मोटारीचे घड्याळ आणि चिंचवडचे बारा

गेल्या फाल्गुनात आमच्या मोटारीची बॅटरी एके सकाळी अकस्मात बसली. चिंचवड स्टेशनाजवळील एका कारागिराकडे गाडी कशीबशी नेली. त्याने जुनी बॅटरी काढून नवी बसविली, किल्ली फिरविली, आणि इंजिन सुरू होताच समोरच्या पट्टीवर घड्याळाचे आकडे बारा वाजून शून्य मिनिटे दाखवीत लुकलुकू लागले. वास्तविक त्या वेळी सकाळचे सव्वादहा झाले होते. कारागीर विशीबाविशीतला तरुण. त्याने विचारले, "सर, टाइम पण लावून देऊ ना?" आम्ही म्हटले, "दे." त्यावर बटणावर बोट ठेवून तो थांबला आणि म्हणाला, "कसा लावू? बरोबर लावू, का पाच मिनिटं पुढे?" इकडची बहुतेक गिऱ्हाइके पाच मिनिटे पुढेच लावून घेतात, असेही त्याने सांगितले.

इतिहास शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली. परंतु काळाविषयीचा इतका नेमका प्रश्न आम्ही कोणत्याही परीक्षेत विद्यार्थ्यांना घातल्याचे स्मरत नाही. बरोबर वेळ कोणती? ती कोणी ठरविली? आणि ती ठाऊक असूनही मनुष्य आपले घड्याळ जाणूनबुजून चुकीचे का लावतो? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले असता मोटारीतील ते चार आकडे आपल्याला पवनेच्या काठापासून मद्रासच्या वेधशाळेपर्यंत आणि तेथून थेट आकाशातील उपग्रहांपर्यंत घेऊन जातात. त्या प्रवासाचा थोडक्यात वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

प्रथम चिंचवडची स्वतःची वेळ पाहू. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. आपली आजची भारतीय प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. चिंचवड त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारे पावणेनऊ अंशांवर आहे. म्हणजे मिर्झापुरास सूर्य माथ्यावर आला की त्यानंतर सुमारे पस्तीस मिनिटांनी तो चिंचवडच्या माथ्यावर येतो. मुंबईस त्याहून आणखी चार मिनिटे लागतात. चिंचवड व चाकण यांच्यामध्येसुद्धा पंधरावीस सेकंदांचे अंतर आहेच. निसर्गाच्या हिशेबाने प्रत्येक गावाला आपापले बारा आहेत, आणि मुंबईहून द्रुतगती मार्गाने इकडे येणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याने घाट चढून आल्यावर आपले घड्याळ चार मिनिटे पुढे करावयास हवे!

आपल्या पूर्वजांना हे चमत्कारिक वाटले नसते. त्यांची दिवसाची मोजणी सूर्योदयापासून सुरू होई. घंगाळातील पाण्यावर तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे आजची चोवीस मिनिटे, झाली. साठ घटकांचा अहोरात्र, साठ पळांची घटका, आणि साडेसात घटकांचा प्रहर. 'तास' हा शब्दही मूळचा टोले देण्याच्या धातूच्या थाळीचा आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग शाएस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. त्या तटावरचे चौकीदार प्रहरांच्या हिशेबाने बदलत असत, आणि 'पहारा' हा शब्द त्या प्रहरातूनच आला आहे. या व्यवस्थेत घड्याळ लावणे म्हणजे उगवत्या सूर्यबिंबाकडे पाहून वाटी पाण्यावर सोडणे. ती वेळ ज्या त्या गावाची असे. मोरया गोसावींच्या चिंचवडास पुण्याची वेळ विचारण्याची गरज नव्हती, आणि पुण्यास दिल्लीची.

ही गरज आगगाडीने उत्पन्न केली. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई व पुणे ही शहरे अखंड मार्गाने जोडली गेली. बैलगाडीला चार मिनिटांचा फरक कळत नाही. परंतु एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे चालक जर दोन निरनिराळ्या गावांच्या वेळा पाळू लागले, तर त्याचा परिणाम सांगावयास ज्योतिषी नको. सबब सर्व मार्गाला एकच वेळ हवी. हिंदुस्थानातील रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासला १७९२ पासून कंपनी सरकारची वेधशाळा होती, तारायंत्राने वेळ कळविण्याची सोय तेथून होत असे, आणि ते शहर रेखांशाने मुंबई व कलकत्ता यांच्या मध्ये पडते. तेव्हापासून चिंचवडच्या फलाटावर सूर्यापेक्षा सुमारे सव्वीस मिनिटे पुढे असलेली वेळ नांदू लागली. फलाटाबाहेर मात्र गावचीच वेळ. एका गावात दोन काळ, आणि मध्ये फक्त एक कुंपण!

मुंबईने मात्र हे कुंपण सहजासहजी काढू दिले नाही. त्या शहराला आपल्या वेळेचा अभिमान वाटण्यास आधार होता. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली होती, आणि बंदरातील जहाजे आपली घड्याळे तिच्यावरून लावीत. १८४० च्या सुमारास याच वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली एक महाराष्ट्रीय तरुण काम करू लागला. तो म्हणजे पुढे पुण्यास प्राध्यापक झालेले, टिळकांचे गुरू आणि 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे केरो लक्ष्मण छत्रे. पाश्चात्त्य दुर्बीण आणि आपले पंचांग यांचा मेळ घालण्याची जी खटपट नानांनी जन्मभर केली, तिचा पाया कुलाब्यास घातला गेला.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांतून मद्रास वेळ चालू करण्याचे फर्मान काढले. ही वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे. शहरात एकच गिल्ला झाला. राजाबाई मनोऱ्यावर कोणती वेळ दाखवावी हा प्रश्न विश्वविद्यालयापुढे आला, तेव्हा १८८३ मध्ये सेनेटने मुंबईच्या वेळेच्या बाजूने मत दिले. यावर सरकारने मनोऱ्याच्या तबकडीवर रात्री दिवे लावण्याचा खर्च देण्याचे नाकारले. तुमचे बारा तुम्हीच अंधारात पाहा, असाच त्याचा अर्थ! अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८८४ मध्ये, वॉशिंग्टन येथे राष्ट्रांची परिषद भरून ग्रीनिच हे मूळ रेखावृत्त ठरले, आणि जगाचे घड्याळ एका सूत्रात ओवण्याचे काम सुरू झाले.

ते सूत्र १ जानेवारी १९०६ रोजी मुंबईपर्यंत पोहोचले. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे अशी 'स्टँडर्ड' वेळ सरकारने चालू केली; ती मुंबईच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी पुढे होती. बंगालची फाळणी होऊन तीन महिनेही लोटले नव्हते, आणि सरकारच्या प्रत्येक हुकुमाकडे लोक संशयाने पाहत होते. तथापि या विरोधात केवळ राजकारणच होते असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच जानेवारीत मुंबईच्या वेशीवरील गिरण्यांतील हजारो कामगारांनी माग चालविण्याचे नाकारले आणि गिरण्यांवर दगडफेकही झाली. शहरात पंधरा हजारांवर लोकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. गिरणीचा भोंगा पूर्वीइतकेच वाजले असता झाला, तरी सूर्याच्या हिशेबाने तो एकोणचाळीस मिनिटे आधी होणार होता. काळोखात उठावयाचे, काळोखात चूल पेटवावयाची आणि काळोखातच घर सोडावयाचे. ज्याच्या घरी घड्याळच नाही त्याला ही मिनिटे कोणी समजावून देण्याची आवश्यकता नव्हती. ती त्याच्या झोपेतून वजा होत होती. मुंबईच्या म्युनिसिपालिटीने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळच कायम ठेवली, आणि ती देश स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षे टिकून होती.

याच्या उलट प्रकारही आपल्या देशात आहे. आसामातील चहाच्या मळ्यांवर प्रमाण वेळेपेक्षा एक तास पुढची 'बागान वेळ' पाळण्याचा प्रघात इंग्रजी अमदानीत पडला, कारण तिकडे सूर्य लवकर उगवतो आणि मजुरांकडून उजेडातच काम उरकून घेणे मळेवाल्यांना हवे होते. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, साऱ्या देशाचेच घड्याळ एक तास पुढे केले होते. त्या तीन वर्षांत चिंचवडास सूर्य माथ्यावर येई तेव्हा घड्याळात दीड वाजून गेलेला असे. सूर्याने यांतील कोणत्याही हुकुमाची दखल घेतली नाही. बदलले ते माणसांचे उठणे, जेवणे आणि निजणे.

आता कारागिराच्या दुसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे त्या 'पाच मिनिटे पुढे'कडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आणि पाहता पाहता पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथील ज्वारीबाजरीच्या शेतांत कारखान्यांच्या कौलारू, दातेरी छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांपैकी एका कारखान्यात आमचे वडील होते. सकाळच्या पाळीचा भोंगा होऊन गेल्यावर फाटक बंद होई, आणि दोन मिनिटे उशीर झालेल्या मनुष्याचीही अर्ध्या दिवसाची मजुरी जाई. वडिलांचा असा अर्धा दिवस एकदाच गेला. त्या संध्याकाळी त्यांनी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून भिंतीवरील घड्याळ प्रथम बरोबर लावले, आणि मग स्टुलावर उभे राहूनच त्याचा काटा पाच मिनिटे पुढे सरकविला. पुढे त्यांनी जुनी फियाट घेतली, तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर चिकटविलेले लहानसे घड्याळही पाच मिनिटे पुढेच असे. सेवानिवृत्तीनंतर एकदा आम्ही त्यांना म्हटले, "आता तरी ते बरोबर लावा." ते म्हणाले, "अरे, बरोबर लावलं की मला धाप लागते."

त्या वेळी आम्ही हसलो. आज वाटते की, या पट्ट्यातील हजारो घरांचा इतिहास त्या एका वाक्यात आला आहे. मिर्झापूरची वेळ सरकारने दिली होती. पुढची पाच मिनिटे फाटकाच्या भीतीने दिली होती. फाटकाशी भांडता येत नाही, म्हणून मनुष्य आपल्याच घड्याळाशी लबाडी करतो, आणि ती लबाडी आपणच केली आहे हे ठाऊक असूनही तिला रोज फसतो. मुंबईच्या गिरणीकामगाराने दगड उचलला. पिंपरीच्या कामगाराने काटा सरकविला.

मोटारीतील घड्याळ हे या दृष्टीने फार दिवस मालकाच्या हातातले घड्याळ होते. प्रारंभीच्या मोटारींत आठ दिवसांची किल्ली असलेली घड्याळे असत. इंग्लंडात स्मिथ आणि अमेरिकेत वॉल्थम यांची घड्याळे त्या काळी प्रसिद्ध होती. किल्ली देण्याची मूठ पुष्कळदा डॅशबोर्डाच्या खाली लोंबत असे. पुढे विजेची घड्याळे आली. पण त्यांतही आत स्प्रिंगच होती. ती सैल पडली की दोन टोके एकमेकांस टेकत, विद्युच्चुंबक तिला एक झटका देऊन पुन्हा ताणी, आणि मोटारीत 'टक्' असा आवाज होई. रोल्स रॉइससारख्या गाडीची १९५८ मधील जाहिरात गाजली ती याच घड्याळाच्या आवाजावर. अमेरिकेतील त्या काळच्या काही घड्याळांत तर एक विलक्षण युक्ती होती. घड्याळ मागे पडले म्हणून मालकाने काटा पुढे केला की आतील नियामकही किंचित सरके, आणि घड्याळ तेथून पुढे थोडे जलद चाले; काटा मागे घेतला तर सावकाश. मालकाने चूक दुरुस्त करावी आणि यंत्राने त्यापासून शिकावे, असा तो संबंध होता.

त्यानंतर गारगोटीच्या स्फटिकाचे घड्याळ आले. त्यातील स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. परंतु ही मोजणी सुमारे पंचवीस अंश उष्णतेस बरोबर धरलेली असते. त्याहून ऊन वाढले तरी कंप मंदावतात, आणि थंडी वाढली तरी मंदावतात. वैशाखात उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीत पन्नास अंशांच्या वर उष्णता सहज जाते. म्हणून मोटारीचे असे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा लवकर मागे पडते, आणि महिन्यादोन महिन्यांनी बटण दाबून त्याला ताळ्यावर आणावे लागते. युरोपात तर उन्हाळ्याची वेळ निराळी असल्यामुळे हे काम वर्षातून दोनदा सर्वांनाच करावे लागते. ती पद्धत जर्मनीने १९१६ मध्ये युद्धात कोळसा वाचविण्यासाठी प्रथम देशभर सुरू केली. चाकणच्या माळावर २००९ मध्ये जर्मन मोटारींचे कारखाने आले, तेव्हा ही उन्हाळी वेळही त्यांच्याबरोबर आली. तिकडील मुख्य कचेरी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. इकडे घड्याळाला कोणी हात लावला नसता तिकडच्या काट्यामुळे चाकणच्या तरुण एंजिनियराची संध्याकाळची बैठक वर्षातून दोनदा एका तासाने सरकते. येथे जुळलेल्या काही मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या. मेक्सिको शहराचे घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे आहे. ज्या गावाची वेळ कुंपणापलीकडे जात नव्हती, तेथून आज असा व्यवहार चालतो.

आणि आता अनेक नव्या मोटारींत घड्याळ लावावे लागतच नाही. आकाशातील उपग्रहांत आण्विक घड्याळे आहेत. त्यांचे संकेत गाडी स्वतःच ऐकते व वेळ लावून घेते. ही मोठीच सोय आहे. पण जानेवारी २०२२ मध्ये एक प्रकार घडला. एका जपानी कंपनीच्या काही वर्षांपूर्वीच्या मोटारींतील घड्याळे नववर्षाच्या दिवशी एकाएकी २००२ साल दाखवू लागली. मालकांनी हाताने वेळ लावून पाहिली. पुन्हा किल्ली फिरविताच घड्याळ आपल्या चुकीवर परत जाई. उपग्रहाच्या संकेतांत आठवड्यांची मोजणी १०२४ झाली की पुन्हा शून्यापासून सुरू होते; जाणकारांनी या घोटाळ्याचा संबंध त्या मोजणीशी लावला. ऑगस्टपर्यंत मालकांना आपल्याच गाडीत वीस वर्षे मागे बसावे लागले. आपल्या देशाच्या नाविक मालिकेतही २०१३ मध्ये सोडलेल्या पहिल्या उपग्रहावरील तिन्ही परदेशी आण्विक घड्याळे निकामी झाली होती. त्यानंतर अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी घड्याळ सिद्ध केले व २९ मे २०२३ रोजी ते अंतराळात गेले. छत्र्यांच्या कुलाब्यापासून निघालेली परंपरा येथवर आली, याचा आम्हांस आनंद वाटतो.

कोणी म्हणेल, मग तुम्हांस गावोगावच्या वेळा परत हव्या आहेत काय? मुळीच नाही. एका देशाला एक वेळ असणे इष्टच आहे, आणि ज्याला रुळांवर दोन गाड्यांची टक्कर नको आहे त्याने ती मान्य केलीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की, ती वेळ सूर्याने दिलेली नसून माणसांनी आपसांत ठरविलेली आहे, याचे विस्मरण होऊ नये. मुंबईने आपल्या एकोणचाळीस मिनिटांविषयी जवळजवळ अर्धे शतक वाद केला. त्यात हट्ट होता, पण कोणाच्या सोयीने कोणी उठावे हा प्रश्न उघडपणे विचारला गेला. जे घड्याळ आपण लावीत नाही त्याविषयी असा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. पाळीची वेळ, शाळेच्या बसची वेळ, रात्री दहाची परदेशी बैठक, ही सर्व जणू पंचांगात छापून आल्यासारखी आपण निमूटपणे स्वीकारतो, आणि फार तर पाच मिनिटे पुढे होतो.

त्या दिवशी कारागिराला आम्ही "बरोबर लाव" असे सांगितले. त्याने आपल्या फोनकडे पाहून मिनिट उलटताच बटण सोडले. वडिलांना ते आवडले नसते.

पुढे १५ एप्रिलला, ज्या सुमारास सूर्य आणि घड्याळ यांच्या चालींतील वार्षिक फरक शून्यावर येतो, आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन चिंचवडातील एका मोकळ्या पटांगणावर पाच फुटी काठी उभी रोवली आणि तिच्याभोवती जुन्या ज्योतिष्यांच्या रीतीने वर्तुळ काढले. काठीच्या सावलीचे टोक सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी वर्तुळाच्या आत आले, आणि दुपारी २ वाजून ५ मिनिटांनी वर्तुळाबाहेर गेले. दोहोंचा मध्य १२ वाजून ३५ मिनिटे. त्या क्षणी सावली वीतभर होती आणि नीट उत्तरेकडे पडली होती. एका विद्यार्थिनीचे वडील चाकणला पाळीवर जातात. तिने मोटारीतील घड्याळाकडे पाहिले, मग सावलीकडे पाहिले, आणि विचारले, "सर, म्हणजे बाबा रोज पस्तीस मिनिटं लवकर उठतात?" आम्ही म्हटले, "होय. आणि ते पाच मिनिटे पुढे लावीत असतील, तर चाळीस."